वऱ्हाडच्या पाहुण्याने काय खावे, काय प्यावे

प्रवासाला निघालेला मनुष्य गावोगावची देवळे पाहतो, किल्ले पाहतो, बाजारात दोन वस्तूंची घासाघीसही करतो. पण जेवायची वेळ झाली की त्याला आपल्या घरची चव आठवते. पुण्याचा पाहुणा वऱ्हाडात येऊन चिंचगुळाची आमटी शोधतो, मुंबईचा इडली मागतो, आणि दोघेही अखेरीस कुठेही मिळणारी पनीरची तांबडी भाजी खाऊन पुढच्या गाडीत बसतात. यात त्यांचा दोष थोडाच. पाहुण्याला आपले जेवण काय आवडणार, असे आम्हीच मनाशी ठरवून बसलो आहोत. तेव्हा आपण या बाजूला आलात, तर काय मागावे, केव्हा मागावे आणि कसे खावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

मेहकर हे नाव पुष्कळांना लोणारच्या वाटेवरचा एक एस.टी. स्टँड म्हणून ठाऊक असते. गाव मात्र जुने. पैनगंगेच्या काठचे. 'ऐने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे सांगितली आहेत, त्यांत मेहकरचे नाव आहे. 1888 साली येथे खोदकामात शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती सापडली, आणि तेव्हापासून दर्शनाला येणाऱ्यांची ये-जा कधी थांबली नाही. येथून वीस-पंचवीस किलोमीटरवर लोणारचे सरोवर, एका अंगाला जिजाऊंचे सिंदखेड राजा, दुसऱ्या अंगाला खामगाववरून शेगाव. रेल्वे नाही, पण गावाजवळून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, आणि 5 जून 2025 पासून तो मुंबईच्या बाजूपर्यंत पुरा झाला. मोटारी ताशी 120 किलोमीटरने धावू लागल्या. सोय झाली यात शंका नाही. मौज अशी की, रस्ता जितका वेगवान होतो, तितके रस्त्यावरचे जेवण एकसारखे होत जाते. पूर्वी गाडी जिथे थांबे तिथले खावे लागे. आता गाडी जिथे थांबते तिथे सगळीकडचे मिळते. तिथले तेवढे मिळत नाही.

पण मिळत नाही असे म्हणालो ते पुरते खरे नाही. हॉटेलाच्या पाटीवर 'पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन' लिहिलेले असते, आणि मालक स्वतः दुपारी आत बसून भाकर-ठेचा खातो. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: पाटी वाचून ऑर्डर देऊ नका. सकाळी पोहे खाता खाताच विचारा, "भाऊ, दुपारी भाकर मिळेल का?" मिळेल. बहुधा मालकाच्या घरून येईल, किंवा भाकरी टाकणाऱ्या एखाद्या काकू असतील त्यांना निरोप जाईल. ऐन बारा वाजता जाऊन मागाल, तर मात्र तंदुरी रोटीवर समाधान मानावे लागेल. भाकर ही करून ठेवण्याची वस्तू नव्हे. ती मागितल्यावर व्हायची, आणि झाल्याबरोबर खायची.

आमच्याकडे 'भाकरी' नव्हे, 'भाकर' म्हणतात, आणि नुसते भाकर म्हटले की ती ज्वारीची. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटा नसतो. गव्हाची कणीक ताणली तर लांबते, ज्वारीचे पीठ ताणले तर तुटते. त्यामुळे ज्वारीचे पीठ कढत पाण्यात भिजवतात. ऊन पाण्याने पिठातली खळ फुलते आणि तीच चिकट्याचे काम करते. हे पीठ ताजे दळलेलेच हवे. जुने झाले की त्याची 'विरी' जाते, भाकर थापताना कडेला फाटते, आणि सुगरणीचाही हात मग चालत नाही. थापलेली भाकर तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात, उलटतात, आणि शेवटी चुलीच्या आरावर उभी करतात. ती टम्म फुगते, पापुद्रा सुटतो. तो पापुद्रा वेगळा खाऊन पाहा. त्यावर थोडे तेल-तिखट घातले, की लहान पोरे भाजीची वाटसुद्धा पाहत नाहीत.

मलकापूर-नांदुऱ्याच्या बाजूला, म्हणजे खान्देशच्या शिवेलगत गेलात, तर कळण्याची भाकर विचारा. ज्वारीत सालीसकट उडीद घालून दळतात, त्याला कळणा म्हणतात. रंग काळपट, चव खमंग, आणि ती खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत भुकेचे नाव नाही.

भाकरीबरोबर ठेचा येतो. हिरव्या मिरच्या तव्यावर तेलात परततात, लसूण, मीठ आणि दाणे घालतात, आणि पुष्कळदा तव्यावरच तांब्याच्या बुडाने ठेचतात. मिक्सरमधून काढलेला ठेचा ही चटणी झाली. ठेच्यात मिरचीचा तुकडा दाताखाली आला पाहिजे. नवख्या पाहुण्याने बोटाच्या पेराएवढा घ्यावा. तोंड भाजले तर पाणी पिऊ नये. मिरचीतले तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते स्निग्ध पदार्थात विरघळते, आणि दुधादह्यातली प्रथिनेही ते जिभेवरून उचलून नेतात. दही मागा, ताक मागा. ते मागण्यात कसलाही कमीपणा नाही. घरची माणसेही तेच करतात. आणि एक गमतीची गोष्ट. ज्या मिरचीवरून वऱ्हाड ओळखले जाते, ती मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्या देशात आली. ज्वारी त्याहून फार जुनी, पण तीही आफ्रिकेतूनच आलेली. तेव्हा परका आणि घरचा हा भेद स्वयंपाकघरात फारसा टिकत नाही.

जेवायला बसण्यापूर्वी चार शब्द शिकून घ्या, नाहीतर घोटाळा होतो. येथे कोणी म्हणाले, "वरून सांबार टाकू का?" तर दचकू नका. ते दक्षिणेचे सांबार नव्हे. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. टोमॅटोला जुनी माणसे भेदरे म्हणतात, भुईमुगाच्या शेंगेला फल्ली, बटाट्याला आलू. पिठल्याला कुठे चून म्हणतील, कुठे नुसते बेसन. "चून-भाकर खाता का जी?" असे कोणी विचारले, तर तो पाहुणचाराचा प्रश्न आहे. त्याला 'हो' म्हणावे.

हे चून म्हणजे गरिबाच्या घरचे रोजचे कालवण, आणि शेगावच्या गजानन महाराजांच्या भक्तांना ते प्रसादासारखे. महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावात प्रकटले असे मानतात. त्या प्रकटदिनी घरोघर झुणका, भाकर, अंबाडीची भाजी, हिरवी मिरची आणि कांदा असा नैवेद्य असतो. पंचपक्वान्नांचा नैवेद्य दाखवणारी घरेसुद्धा त्या दिवशी हेच करतात. अंबाडीचा पाला आंबट असतो. तो शिजवून, त्यात ज्वारीच्या कण्या किंवा तुरीची डाळ घालून, वरून लसूण आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी देतात. आंबटाची आवड असेल त्याने दुसऱ्यांदा मागावी.

याच बेसनाचे सणावारचे रूप म्हणजे पातोडी. घट्ट शिजवलेले बेसन ताटात थापून त्याच्या वड्या पाडतात, आणि कांदा-खोबरे काळे होईस्तो भाजून केलेल्या रश्शात सोडतात. आयत्या वेळी पाहुणा आला आणि घरात भाजीचे पान नसले, तर या पातोडीने वऱ्हाडातल्या कित्येक गृहिणींची लाज राखली आहे. मांसाहारी पाहुण्यालाही हा रस्सा रुचतो. मटणाचा रस्सा येथे चांगला होतो, पण त्याची कीर्ती सांगायला माणसे पुष्कळ आहेत. मी सांगत नाही.

हिवाळ्यात आलात तर भरीत. मोठी हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, म्हणजे पऱ्हाटीच्या, जाळावर भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही. त्यात भाजलेली मिरची, लसूण, दाणे आणि कांद्याची पात. शेतातल्या भरताच्या पंगतीला बोलावणे आले, तर लोणार दुसऱ्या दिवशी पाहावे. सरोवर हजारो वर्षे तिथेच आहे.

उन्हाळ्या-पावसाळ्यात आठवड्याच्या बाजाराला चक्कर टाका. एखादी म्हातारी टोपलीत रानभाजी घेऊन कोपऱ्याला बसलेली असते. उन्हाळ्यात चिवळ, पावसाच्या पहिल्या सरींनंतर तरोटा, मग कटुली, घोळ. या घोळीच्या भाजीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जाड, बुळबुळीत, किंचित आंबट पानांची ही भाजी आमच्याकडे शेतातले तण म्हणून उपटतात. तिकडे ग्रीस देशात हीच वनस्पती काकडी-टोमॅटोबरोबर कच्ची खातात, दह्यातही घालतात, आणि प्रवासी ती तिथली खास चीज म्हणून चाखतात. आपल्या बांधावरची ती घोळच, हे कोणी सांगितले तर पुष्कळांना खरे वाटणार नाही. आपण ती बेसन किंवा डाळ लावून करतो. कोवळी असेल तर दह्यात कालवून पाहायला हरकत नाही.

आता रोडगे. वऱ्हाडातला हा पदार्थ हॉटेलात सहसा मिळत नाही, आणि मिळाला तर तो खरा असेलच असे नाही, कारण रोडगा चुलीवर होत नाही. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून ते घट्ट भिजवतात. त्याच्या पाऱ्या लाटून, तेल लावून एकात एक गुंडाळतात आणि मुठीएवढा, कधी त्याहूनही मोठा गोळा करतात. मोकळ्या जागेत गोवऱ्यांचा जाळ करतात. जाळ बसला, निखारे झाले की त्यात हे गोळे पुरतात आणि वरून राख ओढतात. आच मंद, पण चहूकडून सारखी. म्हणून एवढा जाड गोळा आतून कच्चा राहत नाही. तास-दीड तासाने काढून फडक्याने राख झटकतात, दोन्ही हातांनी दाबून फोडतात, आणि त्या भगदाडात तूप ओततात. तुपाला येथे हात आखडू नये, कारण राखेने रोडग्यातले पाणी सगळे ओढून घेतलेले असते. बरोबर वांग्याची झणझणीत भाजी आणि घट्ट वरण. बस्स. चौथा पदार्थ लागत नाही.

रोडगे बहुधा नवसाचे असतात. मारोतीच्या पारावर, शेतातल्या महादेवापाशी, झाडाखाली. रोडगे भाजायचे काम पुष्कळ ठिकाणी पुरुष मंडळी करतात, आणि एरवी पाण्याचा पेलाही उचलून न घेणारे गृहस्थ त्या दिवशी गोवऱ्या रचण्यावर व्याख्यान देतात. राजस्थानची बाटी, बिहारची लिट्टी ही रोडग्याचीच भावंडे. प्राचीन ग्रीक लोकही राखेत लपवून भाकर भाजत आणि तिला 'लपवलेली' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. जिथे भट्टी नाही, तवा नाही, पण जाळ आहे आणि पीठ आहे, तिथे माणसाला हीच युक्ती सुचली. आपण पाहुणे म्हणून गेलात, आणि कुठे पाराजवळ धूर दिसला, तर गाडी थांबवून नुसते "राम राम" म्हणा. नवसाच्या जेवणाला आलेल्या माणसाला परत पाठवीत नाहीत. फक्त पैसे पुढे करू नका, राग येतो. देवापुढे चार आणे-रुपये ठेवले तर चालते.

वांग्याच्या भाजीचा विषय निघाला, तर मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाचे नाव घेतले पाहिजे. शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या तिथल्या विवेकानंद आश्रमात दरवर्षी पौषात विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. महाप्रसादाला पुरी आणि वांग्याची भाजी. लाखांनी माणसे शेतात पंगती धरून बसतात. एवढ्या पंगतींतून बादली घेऊन वाढप्या कुठवर चालणार? म्हणून प्रसाद ट्रॅक्टरमध्ये भरतात, ट्रॅक्टर ओळींमधून चालतात, आणि वरून स्वयंसेवक वाढीत जातात. पुऱ्या क्विंटलांच्या मापाने तळलेल्या. इतक्या मोठ्या प्रमाणावर केलेली भाजी चवीला कशी असेल, अशी शंका येते. ती खाल्लेल्यांना येत नाही.

शेगावला जाणाऱ्याने कचोरी खावी, हे सांगायला नकोच. गाडी स्टेशनात शिरण्याआधीच आरोळ्या ऐकू येतात. या कचोरीचे मूळ मात्र वऱ्हाडातले नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने शेगावच्या स्टेशनावर ती सुरू केली. तेव्हा आगगाड्या उशिरा येत, उतारूंना भूक लागलेली असे, आणि ही कचोरी गार झाली तरी चांगली लागे. आतले मुगाच्या डाळीचे सारण कोरडे असल्याने ती लवकर विटत नाही. गोड चटणी, दही असले काही तिच्यावर घालीत नाहीत. सोबत तळलेली मिरची, एवढेच. निर्वासितांनी आणलेला पदार्थ दोन पिढ्यांत जिल्ह्याची खूण होऊन बसला. मिरचीचेच पाहा ना, तिला थोडी जास्त वर्षे लागली.

गोडाचे खाणारांनी पोळ्याच्या किंवा अक्षय तृतीयेच्या सुमारास यावे. पुरणाची पोळी इथे जाड, पुरण भरपूर, आणि तूप वाटीने. उन्हाळ्यात आमरसाबरोबर सरगुंडे मिळाले तर सोडू नका. उन्हाळी वाळवणात बायका एकत्र बसून भिजवलेल्या पिठाच्या दोऱ्या काडीवर गुंडाळतात, वाळल्या की काडीवरून उतरवतात. नंतर त्या उकडून रसाबरोबर किंवा गूळ-दुधाबरोबर खातात. दुकानात हे क्वचितच दिसतात. यात्रेत, प्रदर्शनात बचत गटाच्या बायका विकायला बसतात, तिथे चौकशी करावी. पापड-कुरडयाही तिथेच घ्याव्यात. पापडात जो खार घालतात, तशाच जातीचा सोडा एके काळी लोणारच्या खाऱ्या पाण्यातून काढीत असत. 'ऐने अकबरी'तही त्या डोंगरांत काच आणि साबण करण्याची द्रव्ये निघतात असा उल्लेख आहे. आता तो परिसर अभयारण्य आहे, 2020 साली सरोवराला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. तेव्हा तिथून खडा उचलून आणू नये.

हुरड्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तो दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे. दाणा दुधाळ असतानाच ज्वारीची कणसे खुडतात, गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात, आणि गरम गरम हातावर चोळून दाणे काढतात. त्या अवस्थेत दाण्यात साखर असते. दाणा पिकत गेला की तिची खळ होते, गोडवा जातो. म्हणून एका शेतात हुरडा आठ-दहा दिवसच राहतो, आणि खुडलेले कणीस दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही. हुरडा शेतातच खायचा; तिळाची किंवा जवसाची चटणी, गूळ आणि दही यांच्याबरोबर. थंडी असावी, पाठीला ऊन असावे.

पण हुरड्याला ज्वारी लागते, आणि ज्वारीच कमी झाली. गेल्या तीस-चाळीस वर्षांत बुलढाणा जिल्ह्याच्या शिवारात सोयाबीन शिरले आणि शेतेच्या शेते त्याने घेतली. शेतकऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. सोयाबीनचे तीन-साडेतीन महिन्यांत पैसे होतात. ज्वारीला पाखरे राखावी लागतात, रानडुकरांपासून सांभाळावी लागते, आणि एवढे करून बाजारात उठाव किती, तर घरच्यापुरता. ज्वारी गेली की तिच्याबरोबर कडबा जातो. कडबा गेला की बैल जातो, गाय जाते, गोवरी जाते. मग रोडगे कशावर भाजायचे? अंबाडी आणि जवस हीही अशीच बांधावरून मागे हटली. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, शहरांतून ज्वारीच्या बिस्किटांची पाकिटे आली. ती वाईट नाहीत. पण मेहकरच्या खानावळीत दुपारी दहा पाहुण्यांनी भाकर मागितली, तर शेजारच्या गावातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या दोन एकर ज्वारीला गिऱ्हाईक मिळते. हा हिशेब साधा आहे आणि तो प्रवाशाच्या हातातला आहे.

पेयांचे प्रकरण लहान आहे. ग्रीसला गेलेल्या प्रवाशापुढे तिथले लोक ऊझो नावाची बडीशेपेच्या जातीच्या वासाची दारू ठेवतात. पाणी घातले की ती दुधासारखी पांढरी होते, म्हणून नवख्याला तिची मोठी गंमत वाटते. आमच्याकडे पाहुण्यापुढे येणारे पांढरे पेय म्हणजे ताक. जेवणाबरोबर आले, जिरे आणि सांबार घातलेला मठ्ठा. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हा उकडलेल्या कैरीचे पन्हे. आणि ज्यांना खरे जुने पेय चाखायचे असेल त्यांनी आंबील विचारावी: ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर आंबवून, शिजवून, मीठ-लसूण घालून केलेली. पातळ, आंबट, पोटाला थंड. शेतावर जाणारी माणसे न्याहारीला हीच पीत. हॉटेलवाला हसेल, "आंबील? ती तर आमची आजी करायची," असे म्हणेल. हसू द्या. आजी घरी असेल तर एक वाटी मिळून जाईल.

चहा मात्र न मागता येतो. तो दुधाचा, गोड आणि बराच उकळलेला असतो. साखर कमी हवी असेल तर चहा मांडण्याआधी सांगावे, कारण आमच्याकडे साखर, दूध, पत्ती सगळे एकदमच भांड्यात पडते. आणि घरात गेला असाल तर निघताना चहाला 'नको' म्हणू नका. अर्धा कप म्हणा. येईल पूर्णच.